मोठ्या ताऱ्याच्या उजेडात लपलेला श्वेतबटू शोधायचा कसा? (भाचीच्या प्रोजेक्टसाठी, पण मलेही समजून घ्यायचं हाय)

जागल_मचाण (घाटंजी तालुका)

नमस्कार मंडळी. हरभऱ्याचं ओलित सुरू हाय. थ्री फेज लाईन रातच्यालेच येते, म्हणून सध्या बांधावर बसून आभाळ पाहणं हाच धंदा. जवळ ६ इंची दुर्बीण हाय, गुरूचे चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ हे सगळं पाहून झालं.

व्याधाचा श्वेतबटू जोडीदार (श्वेतबटू म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, तापलेला गाभा) १८६२ मध्ये दुर्बिणीतून दिसला हे माहीत हाय. पण परवा वाचण्यात आलं का कितीतरी श्वेतबटू जोडताऱ्यात असूनही कोणत्याच दुर्बिणीले वेगळे दिसत नाहीत, इतके ते मोठ्या ताऱ्याले चिकटून असतात. आणि ते म्हणे अतिनील प्रकाशात पकडतात. आता जे दिसतच नाही ते रंग बदलल्यानं कसं दिसणार, हे काही डोक्यात शिरून नाही रायलं. भाची अमरावतीले एमएस्सीले हाय, तिले याच विषयावर प्रोजेक्ट करायचा हाय. आमचं आभाळ तं मस्त काळंभोर हाय. इथून काही जमन का?

पऱ्हाटी

भाऊ, आभाळाकडं पाहता पाहता मोटर जळून जाईन, तिकडंही ध्यान असू द्या. बाकी धागा वाचून रायलो, काही समजलं तं सांगतो.

कारंज्याचे_मास्तर

व्याधाची गोष्ट थोडी मागून सांगतो, कारण लपलेला तारा शोधायची पहिली रीत तीच. बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १८४४ मध्ये जाहीर केलं की व्याध आणि प्रश्वा हे दोघेही आकाशात सरळ रेषेत सरकत नाहीत, नागमोडी जातात. म्हणजे प्रत्येकाला एक न दिसणारा जोडीदार ओढतोय. बेसेल वारला तेव्हा दोन्ही जोडीदार कोणी पाहिलेले नव्हते. पुढं ३१ जानेवारी १८६२ ला अल्व्हन ग्रॅहम क्लार्क हा अमेरिकन दुर्बीणकार साडेअठरा इंची नवीन भिंग तपासत होता, त्यात व्याधाशेजारी ठिपका दिसला. दृश्य प्रकाशात तो व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद आहे. पण दोघांतलं अंतर बरंच आहे, एक फेरी पूर्ण व्हायला ५० वर्षं लागतात. म्हणून तरी तो वेगळा दिसतो.

जागलभाऊ, तुमच्या ६ इंचीतून तो दिसणं फार कठीण, पण हवा स्थिर असेल त्या रात्री प्रयत्न करायला हरकत नाही. हल्लीची काही वर्षं दोघं एकमेकांपासून लांब आहेत.

साकोलीची_लेक

माहेर साकोलीचं, सध्या बंगळूरला असते, आणि अतिनील निरीक्षणांची माहिती तपासणं हेच माझं रोजचं काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सांगा.

भाऊ, वाईट बातमी आधी. घाटंजी असो, मेळघाट असो नाहीतर लडाखमधलं हानले, हे काम जमिनीवरून होत नाही. साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ओझोन गिळतो आणि २०० च्या खाली आला की आपला साधा ऑक्सिजनच त्याला वर अडवतो. आभाळ कितीही काळं असलं तरी तो प्रकाश खाली पोचतच नाही. त्यासाठी दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते.

आता रंग बदलल्यानं काय होतं ते. सूर्यासारखा एक तारा घ्या, पृष्ठभाग ५,८०० केल्विन. त्याच्याशेजारी २०,००० केल्विनचा श्वेतबटू ठेवा, त्रिज्या सूर्याच्या १.३ टक्के, म्हणजे पृथ्वीच्या दीडपटीच्या आतबाहेर. त्याचं अंग इतकं लहान की सूर्याच्या चकतीत तसे सुमारे ५,९०० मावतील. हिरव्या-पिवळ्या प्रकाशात, ५५० नॅनोमीटरला, श्वेतबटूचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या चौरस मीटरपेक्षा ३३ पट तेजस्वी आहे. ३३ भागिले ५,९०० करा, हिशेब येतो सुमारे १८० व्या भागाचा. एवढा प्रकाश मोठ्या ताऱ्याच्या प्रकाशात मिसळला तर कोणाला पत्ताही लागत नाही.

हाच हिशेब १५० नॅनोमीटरला करा. तिथं सूर्य जवळजवळ विझलेला असतो, कारण ५,८०० केल्विनच्या वस्तूकडं इतके ऊर्जावान फोटॉन फारसे नसतातच. श्वेतबटूचा मात्र ऐन भराचा पट्टा तोच. चौरस मीटरमागं गुणोत्तर सव्वा लाखाच्या वर जातं. ५,९०० नं भागलं तरी श्वेतबटू वीसपट उजळ उरतो! त्याच जागी, त्याच ठिपक्यात, फक्त तरंगलांबी बदलली आणि मालक बदलला. हे दोन्ही तारे आदर्श कृष्णवस्तू (जिचा प्रकाश फक्त तापमानावर ठरतो अशी वस्तू) धरून केलेलं ठोकळ गणित आहे. खऱ्या सूर्यासारख्या ताऱ्याच्या वातावरणातली लोह वगैरे मूलद्रव्यं अतिनील प्रकाश आणखी शोषतात, त्यामुळं प्रत्यक्षात फरक याहून मोठा पडतो.

म्हणून इथं दोन ठिपके वेगळे पाहायचेच नसतात. ठिपका एकच राहतो. त्याचा प्रकाश लाल टोकापासून अतिनीलपर्यंत मोजायचा आणि विचारायचं: हा सगळा प्रकाश एकट्या ताऱ्याला परवडतो का?

जागल_मचाण

ताई, आता जरासं उजेडात आलं. म्हणजे पोळ्याच्या दिवशी पारापाशी डफडं वाजत असलं का बैलाच्या गळ्यातलं घुंगरू ऐकूच येत नाही. पण रेकॉर्डिंगमधून जाड आवाज गाळून टाकला तं घुंगरू साफ ऐकू येते. ढोलवाला तिथंच उभा हाय, फक्त त्या सुरात त्याच्याजवळ काही नाही. बरोबर ना?

साकोलीची_लेक

अगदी बरोबर. हे मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार.

सोटा

मंडळी, उत्साहावर पाणी टाकतो, राग मानू नका. ताऱ्याच्या प्रकाशाचा तरंगलांबीनुसार आलेख घेतला, मॉडेलची रेघ बसवली, अतिनीलात थोडा प्रकाश जास्त दिसला की 'श्वेतबटू सापडला' म्हणायचं? अतिनील जास्त असायला इतर दहा कारणं असतात. आपल्या सूर्यावरच्या डागांभोवतीचा भाग आणि ज्वाला अतिनीलात चमकतातच की. वेगानं फिरणारा तरुण तारा तर त्याहून जास्त चमकेल. मग काय, प्रत्येक तापट ताऱ्याच्या घरात एक श्वेतबटू?

भाची_एमएस्सीवाली

मामा, धागा काढला आणि मला सांगितलंही नाही! मावशीनं लिंक पाठवली तेव्हा कळलं.

ताई, मी तुमचा हिशेब १०,००० केल्विनच्या श्वेतबटूसाठी करून पाहिला. १५० नॅनोमीटरला तो सूर्यासारख्या ताऱ्याच्या जेमतेम सहाव्या भागाइतका येतोय, आणि ५५० ला तर ८०० व्या भागाच्याही खाली. म्हणजे थंड झालेला श्वेतबटू अतिनीलातही निसटतो?

साकोलीची_लेक

शाब्बास, हिशेब बरोबर आहे. हीच या पद्धतीची मोठी मर्यादा. श्वेतबटूच्या आत भट्टी पेटलेली नसते, तो नुसता निवत जातो. नेहमीच्या वस्तुमानाचा श्वेतबटू १०,००० केल्विनला यायला अर्ध्या अब्ज वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि त्यापुढं निवणं आणखी संथ. म्हणजे अतिनीलात आपल्याला ताजे, अलीकडे जन्मलेलेच दिसतात. म्हातारे तिथंच असतात, पण दिसत नाहीत. 'सापडले इतके' यावरून 'आहेत इतके' काढताना ही गोष्ट विसरली की सगळं गणित फसतं.

दुसरी अडचण मोठ्या ताऱ्याकडून. तो जितका तापट, तितका अतिनीलातही दबदबा त्याचाच. ७,५०० केल्विनचा, सूर्याच्या दुप्पट त्रिज्येचा तारा घेतला तर तोच २०,००० चा श्वेतबटू १५० नॅनोमीटरला ठोकळमानानं त्याच्या आठव्या भागाइतका राहतो. व्याधासारख्या १०,००० च्या आसपासच्या ताऱ्यांपाशी तर अतिनीलही पुरत नाही, क्ष-किरणांपर्यंत जावं लागतं. अवकाशातल्या 'चंद्रा' नावाच्या दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रात व्याधाचा जोडीदार मुख्य ताऱ्यापेक्षा ठळक दिसतो, ते चित्र अवश्य पाहा.

सोटाभाऊंची शंका खरी आहे, तिला उत्तर देते, पण उद्या. इथं अकरा वाजले.

मेळघाटी

जमिनीवरून काहीच होत नाही हे वाचून जरा वाईट वाटलं. आमचं पेंच, सिल्लारीकडचं, जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. तिथं रात्री उभं राहिलं की आकाशगंगेची सावली पडते की काय असं वाटतं. त्याचा या कामात काहीच उपयोग नाही?

कारंज्याचे_मास्तर

उपयोग आहे, दुसऱ्या अंगानं. सध्या रात्री पूर्वेकडं मघा उगवते. मघेतला ठळक तारा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्याभोवती एक छोटा तारा ४० दिवसांत फेरी मारतो, आणि हे २००८ पर्यंत कोणालाही माहीत नव्हतं! एवढा पहिल्या प्रतीचा तारा, हजारो वर्षं लोक त्याच्याकडं पाहतायत. वर्णपटातल्या रेषा पुढंमागं सरकताना पकडल्या तेव्हा कळलं. तो जोडीदार सूर्याच्या सुमारे एक-तृतीयांश वस्तुमानाचा, श्वेतबटू व्हायच्या वाटेवरचा गाभा आहे. त्यानं आपलं वरचं सगळं द्रव्य मोठ्या ताऱ्याला देऊन टाकलं, आणि त्या द्रव्यासोबत गेलेल्या फिरकीमुळं मघेचा तारा आज इतका गरगर फिरतो की मधोमध फुगून चपटा झालाय. सूर्याला स्वतःभोवती फिरायला पंचवीसेक दिवस लागतात, त्याला एक दिवससुद्धा लागत नाही.

मला यातली वस्तुमानाच्या देवाणघेवाणीची बाजूच जास्त रंजक वाटते. लपलेला तारा सापडणं हा त्यातला पुरावा.

पऱ्हाटी

म्हणजे धाकट्यानं सगळी वावरं मोठ्याच्या नावावर केली, आन आता मोठा गावभर गरगर फिरून रायला. आमच्याकडं उलटं होते.

साकोलीची_लेक

पऱ्हाटीभाऊ, सुरुवातीला त्या जोडीत धाकटा आज मोठा दिसतो तोच होता. जास्त वस्तुमानाचा तारा लवकर म्हातारा होतो, फुगतो, आणि फुगल्यावर त्याचं द्रव्य शेजाऱ्याकडं ओघळतं. तुमची वाटणी पुन्हा लिहून काढा!

आता सोटाभाऊंसाठी. अतिनील जास्त दिसलं म्हणजे श्वेतबटू असं कोणीही शहाणा माणूस म्हणत नाही. शंका फेडायच्या चार-पाच वाटा आहेत. तारा सक्रिय, म्हणजे डाग-ज्वालांनी खवळलेला असेल, तर तो क्ष-किरणांतही चमकतो, वर्णपटात कॅल्शियमच्या रेषांच्या मधोमध उजेड दिसतो आणि त्याचं तेज दिवसागणिक बदलतं. श्वेतबटूचं अतिनील स्थिर असतं, म्हणून वेगवेगळ्या तारखांच्या नोंदी पडताळायच्या. शिवाय सक्रियतेतला अतिनील प्रकाश बराचसा ठरावीक रेषांमध्ये असतो, तर श्वेतबटूचा सलग असतो आणि कमी तरंगलांबीकडं चढत जातो. त्यामुळं दूर-अतिनील (अतिनीलमधल्या कमी तरंगलांबीकडच्या) पट्ट्यातच दोन-तीन वेगवेगळ्या फिल्टरनी मोजलं तर उताराची दिशा कळते.

पण माझा सर्वात जास्त भरवसा त्रिज्येवर. गाया उपग्रहानं ताऱ्यांची अंतरं इतकी चोख मोजली आहेत की उरलेल्या अतिनील प्रकाशावरून त्या गरम वस्तूची त्रिज्या काढता येते. ती सूर्याच्या एक-दोन टक्क्यांच्या घरात आली, तर ताऱ्यावरचे डाग किंवा ज्वाला असं नेमकं माप देतील ही शक्यता कमी. ती सूर्याच्या अर्धी आली, तर दुसरंच काहीतरी आहे. तापमानाचा आकडा मात्र जपून घ्यावा. दोन-तीन अतिनील बिंदूंवरून तापमान आणि त्रिज्या एकमेकांना भरपाई देत राहतात: थोडं तापवा, थोडं आकसा, रेघ तशीच बसते.

शेवटचा न्याय वर्णपटाचा. हबल अवकाश दुर्बिणीनं दूर-अतिनील वर्णपट घेतला की हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा दिसते. श्वेतबटूवरच्या प्रचंड गुरुत्वानं तिचे पंख, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कडा, खूप रुंद होतात. ते दिसलं की वाद संपला.

सोटा

हे पटलं. त्रिज्येचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता आला. पण मागचा एखादा दूरचा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतिप्रखर गाभा, नेमका त्याच ठिपक्यात आला तर? तोही अतिनीलात चमकतोच.

साकोलीची_लेक

येतो कधीकधी. इथं दुर्बिणीची नजर किती तीक्ष्ण, यावर बरंच अवलंबून असतं. नासाची गॅलेक्स दुर्बीण २००३ ते २०१३ चालली. ५० सेंटिमीटरचा आरसा, आकाशाचा मोठा भाग तिनं दूर आणि जवळ अशा दोन अतिनील पट्ट्यांत टिपला. आजही शोधाची सुरुवात तिथूनच होते. पण तिची नजर चार-पाच विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), त्यामुळं दाटीच्या जागी शेजारचे तारे एकत्र मिसळतात. आपला अॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यावरची युव्हिट दुर्बीण साधारण दीड विकलांची. तिचा जवळच्या अतिनीलचा भाग २०१८ मध्ये बंद पडला. तरी या कामाला लागतो तो दूर-अतिनीलचा भाग त्यानंतरही चालू राहिला, हे आपलं नशीब.

आणि मास्तर, व्याध किंवा मघेकडं युव्हिट वळवता येत नाही. एवढ्या प्रखर ताऱ्यानं तिचे शोधक खराब होतील. हे काम मध्यम आणि मंद ताऱ्यांचं.

भाची_एमएस्सीवाली

मग प्रोजेक्टला कोणते तारे घेऊ? सर म्हणतात 'छोटं पण पूर्ण कर'.

साकोलीची_लेक

एम ६७ घे. कर्क राशीतला जुना तारकागुच्छ, वय सुमारे ४ अब्ज वर्षं. मामांच्या ६ इंचीतूनही छान दिसेल, पुष्य नक्षत्रातल्या पुंजक्याच्या दक्षिणेला शोधायला सांग.

गुच्छ घ्यायचं कारण असं. त्यातले सगळे तारे एकाच वेळी, एकाच ढगातून जन्मलेले, सारख्याच अंतरावर. म्हणजे त्यातले जड तारे आतापावेतो संपलेले असायला हवेत. तरीही काही तारे त्या वयाला न शोभणारे निळे आणि तेजस्वी उरतात. त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात. १९५३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सँडेजनं एम ३ गुच्छात ते पहिल्यांदा दाखवले. हे तरुण कसे राहिले? एक तर दोन तारे एकमेकांत मिसळले, नाहीतर शेजाऱ्याचं द्रव्य ओढून घेतलं. दुसरं खरं असेल तर शेजाऱ्याचा सोललेला गाभा, म्हणजे श्वेतबटू, अजून तिथंच फिरत असला पाहिजे. दृश्य प्रकाशात याचा निकाल लागत नाही, अतिनीलात लागतो.

ध्रुवाजवळच्या एनजीसी १८८ गुच्छात हबलनं अतिनीलात असे श्वेतबटू दाखवले, तो शोधनिबंध २०१४ चा. २०१६ मध्ये त्याच गुच्छात युव्हिटनं एका ब्लू स्ट्रॅगलरचा तापलेला जोडीदार पकडला. आणि २०१९ मध्ये बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या गटानं एम ६७ मधल्या एका ब्लू स्ट्रॅगलरपाशी श्वेतबटू दाखवला, वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ०.१८ पट.

हा आकडा साधा समजू नका. एकटा तारा आपल्या मर्जीनं म्हातारा होऊन एवढा हलका श्वेतबटू बनवायचा म्हटलं, तर विश्वाचं आजचं १३.८ अब्ज वर्षांचं वयही पुरत नाही. म्हणजे त्याचं द्रव्य मध्येच कोणीतरी काढून घेतलंय. आणि ज्यानं घेतलं तो समोरच निळा होऊन बसलाय. चोरी, चोर आणि मुद्देमाल एकाच ठिपक्यात.

जागल_मचाण

हे वाचून अंगावर काटा आला ताई. पण एक अडाणी प्रश्न. हे सगळं सामान, म्हणजे नोंदी, कोणाच्या परवानगीनं मिळतात? आमच्या पोरीले कोण देईन?

साकोलीची_लेक

प्रश्न अडाणी मुळीच नाही. सगळं फुकट आहे. गॅलेक्सच्या नोंदी नासाच्या संग्रहात खुल्या आहेत. अॅस्ट्रोसॅटच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात, इस्रोच्या विज्ञान माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. गायाची अंतरं खुली. आणि आलेख बसवायला स्पेनच्या आभासी वेधशाळेचं व्होसा नावाचं साधन आहे, तेही नोंदणी करून ब्राऊझरमध्येच चालतं. ताकदीचा संगणक लागत नाही, इंटरनेट मात्र टिकायला हवं.

भाची, एक गोष्ट कटाक्षानं पाळ. पहिली रेघ बसवताना अतिनील बिंदू त्यात घालूच नकोस. फक्त दृश्य आणि अवरक्त बिंदूंवर एकट्या ताऱ्याचं मॉडेल बसव, ती रेघ अतिनीलपर्यंत लांबव आणि मग मोजलेला बिंदू रेघेच्या किती वर आहे ते पाहा. सुरुवातीलाच सगळे बिंदू दिले तर मॉडेल ओढाताण करून मोठ्या ताऱ्यालाच जरा जास्त तापवतं आणि जोडीदार त्या खोटेपणात गडप होतो. वाटेतली धूळ अतिनील जास्त खाते, त्याची दुरुस्ती आधी कर. एम ६७ कडं धूळ कमी आहे, हेही तो निवडायचं एक कारण.

भाची_एमएस्सीवाली

थोडं काम झालं म्हणून पुन्हा लिहिते. गुच्छाचे सदस्य गायानं मोजलेल्या ताऱ्यांच्या हालचालींवरून निवडले, गॅलेक्सचे आकडे जोडले. एका ताऱ्याला जवळच्या अतिनीलात जास्तीचा प्रकाश स्पष्ट दिसतोय, पण दूर-अतिनीलात नोंदच नाही. व्होसानं दोन ताऱ्यांची रेघ मात्र झकास बसवून दिली. दुसऱ्याचं तापमान ११,००० च्या आसपास म्हणतंय. याला श्वेतबटू म्हणू का?

सोटा

थांब पोरी. दूर-अतिनील नसताना? ताईंनी वर जे सांगितलं त्यातली एकही परीक्षा झालेली नाही.

साकोलीची_लेक

सोटाभाऊंशी सहमत, आणि हे लिहिताना मजा येतेय. दोन मॉडेलं दिली की रेघ नेहमीच जास्त चांगली बसते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. हा तारा क्ष-किरण नोंदींमध्ये आहे का पाहा. एम ६७ मधले बरेच जोडतारे क्ष-किरणांत सापडलेले आहेत, एकमेकांना चिकटून फिरताना त्यांची स्वतःभोवतीची गती वाढते आणि ते सक्रिय होतात. तो तसा निघाला तर जास्तीचं अतिनील बहुतेक त्याचंच. मग युव्हिटच्या दूर-अतिनील प्रतिमेत त्या जागी काही आहे का ते बघ. काहीच नसेल तर तेही लिहायचं: किती मंदपर्यंत दिसलं असतं आणि तरी दिसलं नाही. त्यावरून '११,००० केल्विनचा श्वेतबटू असता तर दिसला असता का' हे तुला तुझ्याच पहिल्या हिशेबानं काढता येईल. प्रोजेक्टमधलं ते सर्वात चांगलं पान ठरेल.

भाची_एमएस्सीवाली

क्ष-किरण यादीत आहे तो तारा. आणि दृश्य प्रकाशात त्याचं तेजही बदलतंय. म्हणजे गेला.

कारंज्याचे_मास्तर

गेला कसा? एक सक्रिय जोडतारा पुराव्यानिशी ओळखलास. यादीतला पुढचा घे.

जागल_मचाण

पोरीले दुसरा मॉनिटर पाहिजे म्हणते. हरभऱ्याचे पैसे आल्यावर पाहू म्हनलं. ताई, युव्हिटची प्रतिमा उतरवायले किती जीबी लागन? गावात डेटा रोजचा दीड जीबीच मिळते.

साकोलीची_लेक

पूर्ण कच्च्या नोंदी उतरवू नका, त्या फार मोठ्या असतात. तयार केलेल्या प्रतिमाच घ्या, त्या दिवसाच्या डेटात बसतील. फाईलची नावं कशी वाचायची ते मी तिला व्यक्तिगत निरोपात पाठवते.